तोंडाले रुमाल बांधून सांगतलेले जोक

काल आमच्या वावरात सीतादही झालं. पऱ्हाटीच्या पाच झाडाईपाशी दही-भात ठेवला, पहिल्या फुटलेल्या बोंडाच्या कापसाची वात केली, दिवा लावला, अन् येचणी लागली. कमरेले ओटी बांधली, तोंडाले रुमाल बांधला, पहिलं बोंड हातात आलं अन् माह्या छातीत धडधड सुरू झाली. वास तोच आहे. उन्हात तापलेल्या पऱ्हाटीचा कडवट वास, रुमालाच्या आत आपलाच गरम श्वास. बोंडाचं वायलेलं टोक बोटाले टोचते, तेबी तसंच टोचते. मागच्या येचणीत हाच वास होता अन् तवा मी हासत होती, बायाईले हासवत होती. आता तो वास आला का मले समजतच नाही का हासू येऊन राह्यलं का रडू. दोन्ही एकाच जाग्यावरून येते, अठून, गयाच्या जराशा खालून.

लिहिणं माहं काम नाही. नववीत होती तवा शाया सुटली, मंग लगन. पूनमनं, म्हणजे माह्या नणंदनं, तिची अर्धी कोरी वही देल्ली. ती पांढरकवड्याले कॉलेजात जाते. म्हणे, "वहिनी, तू एकच गोष्ट घोकत राह्यतं, त्यापरीस लिहून काढ, डोक्सं मोकयं होईन." आता लिहून राह्यली त डोक्सं आणखीनच भरून राह्यलं. कोठून सुरू करू? गोष्ट आहे माह्या आरूच्या कानाची, तिले ऐकू येते का नाही याची. पण ती सुरू होते जोकापासून. माह्याच जोकापासून. हेच त मले अजून समजत नाही.

आरू तवा नऊ-दहा महिन्याची होती. वावराच्या धुऱ्यावरच्या निंबाले लुगड्याचा झोका बांधाचा, तिले त्यात टाकाची, जागी झाली का काढून कापसाच्या ढिगापाशी गोणपाटावर बसवाची. आम्ही आठ-दहा बाया, एका तासाले, म्हणजे पऱ्हाटीच्या एका ओळीले एक, अशा लाईनीनं पुढं सरकत जात होतो. लाईनीत साऱ्या गावच्या बाया राह्यतात. आमच्या घरच्या, बुद्धविहारापलीकडच्या, तांड्यावरची कमलाबाई अन् तिच्या दोन सुना, पोडावरची सोमीबाई. पोड म्हणजे कोलामाची वस्ती, टेकडीच्या खाली. आज आमच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या, जसा कापूस फुटला तसं. कमलाबाई सुनाईशी गोरबोलीत भांडते, सोमीबाई कोलामीत आपल्या आपल्याशीच बोलते, अन् आम्ही आमच्या वऱ्हाडीत. एकमेकीशी बोलाचं असलं का मंग अर्धं हिंदी, अर्धं बोटानं.

दिवसभर वाकून कंबर मोडते. अशात कोणीतरी काहीतरी बोललं पाह्यजे, नाहीतर दिवस सरकत नाही. ते काम माह्याकडं आलं. मले नकला येतात. लहानपणी घाटंजीच्या बाजारात बाबासंग गेली का घरी येऊन साऱ्या बाजाराची नक्कल करून दाखवत होती, वांगेवाल्यापासून वजनकाट्यापर्यंत. हाव, वजनकाट्याचीबी. एक हात वर, एक हात खाली, अन् मधात आपलं डोक्सं काटा. आई म्हणे, पोट्टी वाया जाईन.

येचणीतला पहिला जोक मामाजीचा, म्हणजे माह्या सासऱ्याचा. मामाजीले फोनची रेंज लागत नाही म्हणून ते बैलबंडीवर चढून बोलतात. एक खेप तिकून रेकॉर्ड केलेली बाई बोलून राह्यलती, हिंदीसाठी एक दाबा, मराठीसाठी दोन दाबा. मामाजी म्हणे, "हाव बाई, दाबतो, पण तुम्ही जेवल्या का?" ती आपली बोलतच. मामाजी म्हणे, "जेवून घ्या पहिले, मी थांबतो." अन् खरंच थांबले. बंडीवर उभे, उन्हात, फोन कानाले, अर्धा घंटा. आम्ही खालून म्हणून राह्यलो, मामाजी उतरा, तर हातानं म्हणतात, शू, ती जेवून राह्यली.

हे सांगतलं त दोन तास मागची बाईबी हासली. कमलाबाईले हासता हासता ठसका लागला.

मंग एका दिवशी मी चूक केली. सोमीबाई पुढं येचत होती, कोलामीत आपल्याशीच काहीतरी बोलून राह्यलती. मी तिच्यामागं तिची नक्कल केली. शब्द नाही, नुसता आवाज, तो कसा चढते, कसा उतरते. साऱ्या हासल्या. सोमीबाई थांबली. तिनं मागं पाह्यलं, ओटी सावरली, अन् चार तास दूर जाऊन येचाले लागली. दिवसभर तठीच. जेवाच्या येळेले मी तिच्यापाशी गेली, भाकर-ठेचा पुढं केला. घेतला नाही.

"माह्या बोलीवर हासतं?" ती म्हणे. "मी हासली का कधी तुह्या बोलीवर?"

"चुकलं माय."

"हासव न. तुह्या सासऱ्यावर हासव, बकरीवर हासव. बोलीवर नको. बोली घरची राह्यते." मंग भाकरीचा तुकडा तोडून घेतला. लहानसाच. पण घेतला.

तवापासून मी शब्दच कमी केले. मले भेवच बसला का आपल्या तोंडातून काय निंघन अन् कोणाले लागन. तसंबी कमलाबाईच्या लहान सुनेले अन् सोमीबाईले माहे शब्द अर्धेच समजत होते, अन् तोंडावर रुमाल, त्याच्यातून बोललेलं कोणाले नीट ऐकू जाये? मंग मी डोयानं सांगाले लागली, हातानं, कमरेनं. तवा ती बकरी आली. एसटीत एक बुढा बकरी घेऊन चढला होता, मी माह्या डोयानं पाह्यलं होतं. बुढा कंडक्टरले म्हणे ती माह्या मांडीवर बसन, तिकीट कायचं? बकरी काही मांडीवर नाही बसली. ती खिडकीपाशी बसली, बुढा उभा राह्यला. अन् बकरीच्या चेहऱ्यावर असं, जसं काय सीट तिच्या बापाची. मी रुमालाचे दोन टोकं डोक्स्यावर उभे करून तिचे कान करत होती, वारा लागल्यावर ते कसे हालतात, ती कशी चावते, अन् कंडक्टर आला का खिडकीबाहेर कशी पाह्यते. एक शब्द नाही. साऱ्याईले समजलं. तांड्याले समजलं, पोडाले समजलं.

अन् आरूले समजलं. गोणपाटावर बसून ती अशी हासली, पोटातून, का मांगं कलंडली. तिले उचलून सरकं केलं, पुन्हा हासली, पुन्हा कलंडली. तिचं पाहून बाया दुसऱ्यांदा हासल्या. मंग रोजचंच झालं. मी काही केलं का साऱ्या पहिले आरूकडं पाहत. कमलाबाई म्हणे, "याडी वो," याडी म्हणजे तिच्या बोलीत माय, "ही त पोटातून शिकून आली! आईचा जोक पहिले हिले समजते, मंग आपल्याले."

मी किती फुगली होती.

दिवाळीच्या सुट्टीत पूनमनं मोबाईलवर एक माणूस दाखवला. माईक घेऊन उभा, हिंदीत बोलून राह्यला, समोर शहरातले लोकं हासून राह्यले.

मी म्हटलं, "हा काम कवा करते?"

"वहिनी, हेच काम आहे त्याचं. याले स्टँडअप म्हणतात."

"नुसतं उभं राहून बोलाचं?"

"हाव."

"अन् हात रिकामे?"

मले पटलंच नाही. तेवढ्यात त्या माणसानं अशी शिवी देल्ली का पूनमनं फोन पटकन मांडीखाली दाबला, कारण मामाजी आत आलते. फोन मांडीखालून बोलतच. मामाजी म्हणे, "कोण आहे तो? मघापासून बोलून राह्यला. त्याले म्हणा जेवून घे." अन् पाणी पिऊन निंघून गेले. आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हासलो.

मंग पूनम म्हणे, "तुह्यात शिवी नाही, कोणाची जात नाही, वाकडं-तिकडं काही नाही. तुहं क्लीन आहे वहिनी. हे कोणासमोरबी चालते."

"मामाजीसमोर?"

"मामाजीसमोरबी."

मी सांगून पाह्यला, त्याईचाच जोक, त्याईच्याचसमोर, पदर डोक्स्यावर घेऊन. मामाजीनं सारा ऐकला. हासले नाही. म्हणे, "पण ती बाई खरंच जेवली नसन वो."

आणखी एक गोष्ट त्याच येचणीतली. तवा ती माह्या ध्यानात नव्हती, आता जातच नाही. बाजूच्या वावरात तुरीत माकडं उतरले होते, ते हाकलाले तठल्या लोकाईनं सुतळी बॉम्ब फोडला. आम्ही साऱ्या उडालो. कमलाबाईची ओटी सुटून कापूस खाली पडला. आरू आमच्याकडं पाठ करून बसली होती, एक बोंड उकलून राह्यलती. तिनं मान फिरवली नाही. बोट थांबलं नाही. मी म्हटलं, "पाहा वो माही वाघीण! भेतच नाही!" साऱ्या म्हणाल्या हाव, वाघीणच. सोमीबाई मात्र आरूकडं पाहत उभी राह्यली, हातातलं बोंड तसंच धरून. लय दिवसानं मी तिले इचारलं का तवाच काहून नाही सांगतलं. ती म्हणे, "तू हासून राह्यलती न. हासणाऱ्या माणसाले कसं सांगाचं?"

संक्रांतीनंतर पांढरकवड्याले बचत गटाच्या बायाईचा मेळावा झाला. त्यात नाच, गाणे, अन् ज्याले जे येते ते. पूनमनं माहं नाव देल्लं. मी दोन दिवस जेवली नाही. लाईनीतल्या बाया सोबत आल्या, आत्याबाई आली, म्हणजे माही सासू. पूनमनं सांगतलं, "एका जागी उभी राह्य. माईक तोंडापाशी धर. हात हालवू नको, हालली का आवाज जाते. नुसतं बोलाचं."

मी स्टेजवर गेली. सारंच उघडं वाटे. वावरात तोंडाले रुमाल राह्यते, अठी तोंड मोकयं, जसं काय काही नेसाचं इसरून आली. समोर पहिल्याच लाईनीत सोमीबाई, तिच्या मांडीवर आरू. मी मामाजीचा जोक सुरू केला. आवाज माहा नव्हताच, डब्यातून आल्यासारखा, पण हात हालवले नाही, उभी राह्यली, नुसती बोलली. "हाव बाई, दाबतो, पण तुम्ही जेवल्या का?"

अन् हॉल हासला. तसं हासणं मी आजलोक ऐकलं नव्हतं. मागून सुरू होऊन पुढं येते ते, वर टिनं वाजल्यासारखे वाटतात. बाया एकमेकीच्या आंगावर पडून राह्यल्या. टाया. सोमीबाईच्या बाजूले एका बाईचं लेकरू होतं, आरूएवढंच, ते त्या आवाजानं दचकून रडाले लागलं.

मी आरूकडं पाह्यलं. माहं ध्यान कवाबी तिच्याकडंच जाये, ती हासली का मले बरं वाटे. आरू हासत नव्हती. माह्या तोंडाकडं पाहून राह्यलती, मोठे डोये करून, जसं काय ही कोणती बाई आहे अन् काहून अशी लाकडासारखी उभी आहे. एवढा हॉल हासून राह्यला अन् तिनं एक खेप मागं पाह्यलं नाही का हा कायचा आवाज. बाजूचं लेकरू रडून राह्यलं, तिकडंबी नाही. ह्या जोकावर त ती वावरात रोज हासत होती. रोज. मंग मले आठवलं का वावरात मी मामाजी करत होती, बंडीवर चढत होती, कानाले हात लावत होती. अठी मी नुसती बोलली.

मी पुढचं इसरली. बायाईले वाटलं तेबी जोकातच आहे, आणखी हासल्या. माह्या हातातला माईक खाली गेला. मी पदराचे दोन टोकं वर उचलले अन् बकरीचे कान केले. काही बोलली नाही. अन् आरू हासली. पोटातून. हॉलमधी तेवढंच एक हासू, मंग तिले पाहून साऱ्या.

मले दुसरा नंबर भेटला. बक्षीस कुकर.

त्या कुकरचं काय सांगू. दुसऱ्या दिवशी वरण लावलं त्यात. शिट्टी झाली तशी आत्याबाई "अगं माय!" म्हणून मांगं सरकली, आंगणातली बकरी दाव्याले हिसके देऊ लागली. आरू चुलीपाशी बसून चमच्यासंग खेळून राह्यलती. पहिली शिट्टी, दुसरी, तिसरी. मी तिच्या मानेकडं पाहत होती. मान हालली नाही. मंग मी दिवसातून दोन-दोन येळा कुकर लावाले लागली. वरण नसलं त नुसतं पाणी. आत्याबाई म्हणे, "बक्षीस भेटलं त डोक्सं फिरलं का वो?" मी रुमालानं तोंड झाकून आरूच्या मागून हाक मारली. थाटी पाडली. दार आपटलं. अन् मंग तिच्या समोर जाऊन उभी राह्यली का ती हासे, हात वर करे. मी घाबरून तिले उचलून घेत होती अन् वाटे, नाही, येते तिले ऐकू, पाहा कशी हासते. अन् पुन्हा कुकर लावत होती.

कोणाले सांगतलं नाही. सांगतलं का खरं होईन असं वाटे. शेवटी आरूच्या बाबाले सांगतलं, ते म्हणे, काहीतरीच तुहं. आत्याबाईले सांगतलं त ती भडकली. "हासते न वो ती! हासणारं लेकरू बहिरं राह्यते का?"

याचं उत्तर माह्यापाशी होतं, पण ते सांगाचं कसं? का तिले मीच हासवते. ती जोक ऐकून नाही हासत, मले पाहून हासते. मंग सोमीबाईच घरी आली. ओसरीवर बसून आत्याबाईले म्हणे, "बॉम्ब फुटला तवा हिची पापणी नाही हालली. मी पाह्यलं. घेऊन जा." दुसऱ्या हप्त्यात आम्ही यवतमाळले गेलो.

दवाखान्यात आरूले झोपवून तिच्या डोक्स्याले वायरी लावल्या. एवढंसं डोक्सं, एवढ्या वायरी. तठल्या ताईनं कागद पाह्यला अन् सांगतलं का जन्मापासूनच ऐकू कमी येते, दोन्ही कानानं. मंग इचारलं, "घरी इतके महिने कुणाच्या लक्षात नाही आलं?"

मी म्हटलं, "ती हासत होती."

"कशाला?"

"माह्या जोकले."

ती ताई हासली नाही. मीबी नाही. आरूच्या बाबानं खिडकीबाहेर पाह्यलं.

तवापासून माह्या डोक्स्यात एकच गोल फिरते. मले जोक सांगता आले नसते त आरूचं तवाच समजलं असतं. मी सोमीबाईची नक्कल केली नसती त शब्द सोडले नसते, अन् शब्द सोडले नसते त आरू हासली नसती, अन् हासली नसती त कोणी म्हटलं असतं, काहून वो, लेकराचं ध्यान नाही. पूनम म्हणे, "वहिनी, तिच्या कानाचं अन् तुह्या जोकाचं काही नातं नाही, ते जन्मापासून आहे." ते मले समजते. पण ते महिने गेले न. ते महिने ती हासत होती अन् मी हासत होती. मंग ते महिने चांगले होते का वाईट? कोणी सांगत नाही.

पोळ्याच्या आसपास मशीन भेटल्या, दोन कानाले दोन, तुरीच्या शेंगेएवढ्या. ताईनं सांगतलं, किती ऐकू येईन ते आताच सांगता येत नाही. काही लेकरं लवकर मान फिरवतात, काहीले महिने लागतात, काहीले मशीन पुरतच नाही. दिवाळी झाली का पुन्हा या, मंग पाहू. अन् तवापर्यंत दिवसभर बोला तिच्याशी. तोंड झाकून बोला, ओठ नका दाखवू, हातवारे नका करू, कानानं ऐकाची सवय लागली पाह्यजे.

मी येड्यासारखी ताईकडं पाहत राह्यली. म्हणजे आता हात बांधा अन् तोंड झाका. तोंड त मी येचणीभर झाकलंच होतं, अन् हातानंच तर सारा घोटाळा केला होता.

आरू मशीन उपटून फेके. एक खेप कोंबड्याईच्या दाण्यात सापडली. मंग मी दोरा बांधला अन् फ्रॉकले सेफ्टीपिननं अडकवला. पोळ्याचे ढोल वाजले, आरूनं पाह्यलं नाही. गणपती गेला, दुर्गा गेली. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या त्याचा पत्ता नाही. मी बोलत होती, रुमाल बांधून, पाठीमागून, आरू हे पाह्य पाणी, आरू हे पाह्य मीठ, आपलंच आपल्याले येड्यावाणी वाटे. सोमीबाईची आठवण येई, ती कशी आपल्याशीच बोलते. तवा मी हासली होती तिच्यावर. जोक मात्र एकबी सांगतला नाही. बकरीचे कान केले नाही. आरू माह्याकडं पाह्यत राहे, वाट पाहत असल्यासारखी, अन् मी हात मांगं धरून उभी. तिचं हासूबी कमी झालं मंग. तेबी मीच कमी केलं. हे बरोबर केलं का, माहीत नाही.

आता दिवाळीले दहा दिवस राह्यले. मंग यवतमाळ. मशीन पुरते का नाही पुरत ते सांगतीन. याच्यानंच ही धडधड.

तर काल. सीतादही झालं, आम्ही लाईनीत लागलो. त्याच बाया. आरू आता चालते, पण तिले ढिगापाशी बसवलं तशी बसली, आमच्याकडं पाठ करून, एक बोंड घेऊन उकलाले लागली. तीच पाठ, तीच मान. फक्त कानामागं दोन शेंगा अन् पाठीवर दोरा. मी मशीनवर बारीक ओढणी बांधली होती, कापसाचे तंतू जाऊ नये म्हणून, मंग वाटलं ओढणीनं आवाज अडन, सोडली, मंग वाटलं तंतू जातीन, बांधली, पुन्हा सोडली.

कमलाबाई म्हणे, "सांग न वो काही. सालभर हासलो नाही आम्ही."

मी मान हालवली. नाही.

सोमीबाई माह्या बाजूच्या तासात होती. वर न पाह्यता म्हणे, "त्या दवाखान्यातल्या बाईनं बोलाले सांगतलं न तुले? मंग बोल."

"काय बोलू?"

"जे येते ते."

मले काय येते? माह्या हातात बोंडं होती, ओटी भरत आलती, रुमाल नाकावर. मले बंडीवर चढता येत नव्हतं, कान करता येत नव्हते. मी येचता येचताच सुरू केलं, नुसत्या तोंडानं, रुमालाच्या आतून, जसं तवा स्टेजवर केलं होतं तसं. मामाजीचा फोन. एक दाबा, दोन दाबा. हाव बाई, दाबतो, पण तुम्ही जेवल्या का? जेवून घ्या, मी थांबतो. शू, ती जेवून राह्यली.

साऱ्याईले पाठ आहे हा जोक. तरी हासल्या. सालभराचं तुंबलेलं असन. दहाही बाया एकदम, कमलाबाई सर्वांत मोठ्यानं, आत्याबाईबी, जी माह्या जोकावर कधी हासली नव्हती.

आरूचं बोट बोंडावर थांबलं.

मंग तिचे खांदे वर झाले, कानापाशी. मंग तिनं मान फिरवली. माह्याकडं नाही, साऱ्या बायाईकडं, त्याईच्या तोंडाकडं नाही, अशीच, हवेत, जसं काय काहीतरी येऊन पडलं अन् कोठी पडलं ते ती पाहून राह्यली. तिचं तोंड वाकडं झालं. अन् ती रडली. अशी रडली का बोंड हातातून सुटलं.

माह्या जोकावर रडलेलं पहिलं माणूस.

"याडी वो, भेली पोट्टी!" कमलाबाई म्हणे. आत्याबाई कापूस टाकून धावली. मले हालताच येईना. मले वाटलं वारा आला असन. किंवा सावली हालली असन, किंवा मशीनीचा दोरा ओढला असन. काय पोचलं तिच्यापर्यंत, माहा आवाज का त्याईचा का काहीच नाही? त्या हॉलमधलं ते बाजूचं लेकरू आठवलं, दचकून रडलेलं, अन् त्याले ऐकू येते म्हणून मी त्याच्या आईवर किती जळली होती. सोमीबाई आरूकडं पाहत नव्हती. माह्याकडं पाहून राह्यलती, हातात बोंड तसंच धरून, अन् तिचे डोये भरून आलते.

मंग पाय सुटले. मी ओटीसकट धावली, आरूले आत्याबाईच्या हातातून घेतलं, छातीशी धरलं. साऱ्या बाया चूप. कोणी तोंडावर हात ठेवला, कोणी रुमाल वर ओढला.

मी म्हटलं, "चूप नका राहू वो. हासा."

कोणी हासेना.

"हासा न माय. हळू हळू हासा."